करंगळीची भरपगारी रजा

मागच्या वर्षी आमच्या घरात एक करंगळी भरपगारी रजेवर होती. डाव्या हाताची. तिला पाणी लावायचं नाही, साबण दाखवायचा नाही, कांद्यालसणाच्या जवळपास न्यायचं नाही, असा कडक हुकूम मीच काढला होता. माझ्या बाळंतपणात माझी जेवढी बडदास्त ठेवली गेली नाही तेवढी त्या करंगळीची ठेवली गेली, हे मी नवऱ्याला त्या काळात रोज ऐकवत होते, आणि तो बिचारा रोज ‘हो’ म्हणत होता.

करंगळी माझ्या आत्याची. आत्या वटार गावात राहते. यजमान गेले, मूलबाळ नाही, घरामागे केळीची छोटी वाडी आहे आणि त्या वाडीवर ती जगते. नुसती केळी विकून नव्हे, सुकेळी करून. राजेळी केळं पिकवायचं, सोलायचं, उन्हात मांडायचं, रोज उलटायचं, संध्याकाळी झाकून आत घ्यायचं, सकाळी पुन्हा बाहेर काढायचं. मधाच्या रंगावर आलं की केळीच्याच सुक्या पानात बांधायचं. मी हे एका दमात लिहिलं, पण करणारीची कंबर मोडते. खाणारे मात्र ‘काय हो एवढं महाग?’ असं तोंड भरलेलं असतानाच विचारतात. अशा माणसांच्या हातून मी पुडा परत काढून घेतलेला आहे. माझा स्वभाव तसा चांगला नाही.

आणि मी शिकवते काय, तर अर्थशास्त्र. ज्युनिअर कॉलेजात. ‘वित्तीय समावेशन म्हणजे काय? दारिद्र्य निर्मूलनातील त्याचे महत्त्व स्पष्ट करा’ हा प्रश्न इतक्या वर्षांत इतक्या वेळा फळ्यावर लिहिला आहे की मला गाढ झोपेतून उठवलं तरी मी मुद्द्यांसकट उत्तर देईन. खातं उघडतं, बचत होते, कर्ज मिळतं, धंदा वाढतो, गरिबी हटते. प्रत्येक मुद्द्यापुढे बाण काढला की मुलांना पैकीच्या पैकी गुण. त्या बाणांच्या मधे कुठेतरी एक काडेपेटीएवढं यंत्र बसलेलं असतं आणि ते माणसाकडे बोट मागतं, हे काही पुस्तकात दिलेलं नाही.

झालं असं. वटारच्या बायकांचा सुकेळ्यांचा बचत गट आहे. आत्यानेच सुरू केलेला; पहिल्या बैठका तिच्याच ओटीवर झाल्या, पहिले चहाही तिच्याच साखरेचे. हल्ली ऊन आपल्या बापाचं राहिलेलं नाही. ऐन वाळवणाच्या दिवसांत ढग येतात, दोन सरी पडतात आणि अख्ख्या मांडणीला बुरशी लागते. त्याच्या आदल्या वर्षी गटाचा निम्मा माल गुरांना घालावा लागला होता. गुरं खूश झाली, पण गुरं पैसे देत नाहीत. म्हणून गटाने बँकेकडून कर्ज काढून सोलर ड्रायर घ्यायचं ठरवलं. ड्रायर म्हणजे काचेच्या छपराचं खोपटं. आत केळी, बाहेर पाऊस, आणि कुणाला धावाधाव नाही. कर्ज मंजूरही झालं. अट एकच होती की गटातल्या प्रत्येक बाईच्या खात्याची केवायसी नव्याने झाली पाहिजे. बाकीच्या सगळ्याजणी गेल्या, अंगठा टेकवला आणि परत येऊन चुलीपाशी बसल्या. आत्या गेली ती अडकली.

हे काम गावात बँकेने नेमलेला ‘बँक मित्र’ करतो. त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. तिथे रिचार्ज होतो, पासपोर्ट फोटो निघतो, नाताळ जवळ आला की कागदी चांदण्याही मिळतात, आणि टेबलाच्या कोपऱ्यात ते बोट ओळखणारं यंत्र असतं. यंत्र काडेपेटीएवढं, रुबाब मामलेदाराचा. बँक मित्र स्वतः मात्र गोड माणूस. पोटाचा घेर सांभाळत उठतो आणि प्रत्येक म्हातारीला आधी खुर्ची देतो. मी रविवारला जोडून सुट्टी आली म्हणून वटारला गेले होते, ती आत्याबरोबर गेले.

“आत्या, अंगठा ठेवा,” तो म्हणाला. आत्याने ठेवला. तांबडा दिवा.

“जरा दाबून.” आत्याने दाबला. जन्मभर नारळ सोललेली बाई, तिने दाबल्यावर यंत्र सटकलं आणि टेबलाखाली गेलं.

“एवढं नको. हळू ठेवा.”

“एकदा काय ता ठरव रे बाबा,” आत्या म्हणाली. “दाबू का ठेवू?”

मग दहाही बोटं झाली. प्रत्येक बोटाला तांबडा दिवा. बँक मित्राने तिचा हात उलटा करून उजेडात धरला, चष्मा वर केला, खाली केला, आणि हळूच म्हणाला, “आत्या, ह्यांच्यावर रेषाच नाहीत. सगळं पुसलंय.”

पुसणारच. वर्षानुवर्षं केळी सोलायची, चीक बसून बोटं काळी व्हायची, आणि तो चीक काढायला काथ्या आणि राख घेऊन घासायचं. चीक निघायचा, त्याच्याबरोबर थोडी आत्याही निघायची.

मी अर्थातच भांडले. मोबाइलवर नंबर पाठवा म्हटलं, ओटीपी. तर खात्याला जोडलेला नंबर आत्याच्या यजमानांचा, आणि ते गेल्यावर तो बंद झालेला. मग नंबर बदला! नंबर बदलायला बोट लागतं. आणि बोट उठत नसेल तर? तर नंबरावर ओटीपी येतो. मी हे दोनदा विचारलं, कारण पहिल्या वेळी मला वाटलं की माझंच डोकं ठिकाणावर नाही. डोळे तपासून ओळख पटवणारं यंत्र असतं म्हणे, पण ते आमच्या बाजूला अजून यायचं होतं. बँक मित्र हे सगळं इतक्या नम्रपणे सांगत होता की त्याच्यावर ओरडताही येईना. मग मी यंत्रावर ओरडले.

गावात बातमी फुटायला वेळ लागत नाही. संध्याकाळपर्यंत ओटीवर औषधांचा बाजार भरला. कुणी लिंबू चोळ म्हणालं, कुणी टूथपेस्ट, कुणी पावडर, एकीने खोबरेल आणि वर हळद. आत्याने कुणाचंही मन मोडलं नाही, सगळं लावलं. दुसऱ्या दिवशी यंत्राची काच पिवळी झाली, वासही फोडणीचा यायला लागला. बँक मित्राने ती पुसून पुसून शेवटी हात जोडले. “आत्या, यंत्राला नैवेद्य नका दाखवू. ते खात नाही.”

इथपर्यंत सगळे हसत होते, मीसुद्धा. मग गटाची अध्यक्षा आली. वाईट बाई नाही ती. कर्जासाठी तिनेच हेलपाटे घालून चपला झिजवलेल्या. ओटीच्या कडेला बसली आणि पदराशी चाळा करत म्हणाली, “काकी, बँकवाले सांगतात दिवाळीच्या आत सगळ्यांचं झालं पायजे. नायतर कर्ज लटकनार. तुमचं नाय झालं तर तुमच्या जागी माज्या सुनेचं नाव घालावं लागेल.” आणि मग घाईघाईने, “काम तुमचंच राहील हो! तुमच्यासारखं सोलतं कोन? रोजावर घेऊ ना तुमाला.”

रोजावर. स्वतःच्या ओटीवर सुरू केलेल्या गटात. आत्या एरवी एवढी बोलते की पोपटाने कंटाळून पिंजरा सोडावा, आणि त्या संध्याकाळी तिने नुसतं अध्यक्षेच्या हातात निघताना केळ्यांची फणी दिली आणि आत जाऊन पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. मला भयंकर राग आला. गरीब माणूस आळशी असतो म्हणून मागे राहतो, असं छातीठोकपणे सांगणारे शहाणे आमच्या स्टाफरूममध्ये आहेत. इथे माझ्या डोळ्यांदेखत एक मालकीण मजूर व्हायला निघाली होती, आणि कशामुळे, तर काम फार केल्यामुळे.

बँक मित्रानेच शेवटी वाट दाखवली. आत्याच्या डाव्या करंगळीवर त्याला काहीतरी अंधूक दिसलं होतं. सोलताना ते बोट हवेत असतं, त्यामुळे त्यातल्या त्यात बचावलेलं. “कातडी परत धरते,” तो म्हणाला. “ह्या बोटाला विश्रांती द्या. काम बंद, पाणी बंद.”

आत्याला वटारमध्ये विश्रांती देणं म्हणजे कोंबडीला अंड्याशेजारी बसून अंडं विसर म्हणून सांगणं. म्हणून मी तिला उचलून माणिकपूरला आमच्या फ्लॅटवर आणलं. केळी उलटायला शेजारणीला सांगितलं. नवऱ्याने त्याच्या जुन्या हातमोज्याचं एक बोट कापून करंगळीला टोपी केली आणि मी तिला नाडी शिवली. टोपी घातलेल्या करंगळीकडे आत्या बराच वेळ बघत बसली. “बाय,” ती मला म्हणाली, “माज्या लग्नात नवऱ्याला एवढी चांगली टोपी नव्हती.”

पहिले काही दिवस ती शहाण्यासारखी वागली. टीव्ही पाहिला. खिडकीत उभी राहून खालच्या रिक्षास्टँडवरची भांडणं पाहिली, ती तिला टीव्हीपेक्षा आवडली. नवरा तिला जेवायला वाढायचा, ताट उचलायचा, आणि ती अवघडून ‘जावईबापू, राहू दे’ म्हणायची. मग एके दिवशी मी कॉलेजातून लवकर घरी आले, तर न्हाणीघराचं दार आतून बंद आणि आतून टप् टप् आवाज. दार वाजवलं. आवाज बंद. पुन्हा वाजवलं. आत्या बाहेर आली, मागे बादलीवर ताट, ताटात मोड आलेल्या कडव्या वालांचा डोंगर, अर्धा सोललेला.

वाल! बोटांची सालं काढायला ह्याहून जालीम वस्तू देवाने निर्माण केलेली नाही. आणि वाल आमचे नव्हतेच. चौकशी केली तेव्हा कळलं की तिसऱ्या मजल्यावरच्या बाईला लिफ्टमध्ये आत्या म्हणाली होती, ‘सोलायचं काय असलं तर आनून द्या.’ त्या बाईने वाल दिले. तिच्याकडून पहिल्या मजल्याला कळलं, तिथून लसूण आला. आमच्या सोसायटीत पाण्याच्या वेळा कळायला आठवडा लागतो, पण फुकट सोलून मिळतं हे एका दुपारीत सगळ्यांना कळलं. मी ताट घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेले आणि तिथे जे बोलले ते इथे लिहीत नाही. त्या बाई अजूनही मला लिफ्टमध्ये पाहिलं की जिन्याने जातात.

परत येऊन आत्यावरही ओरडले. “तुला मालकीण राहायचंय की नाही? दुसऱ्याचे वाल सोलत बसायचं असेल तर आत्ताच सांग, नाव काढून टाकायला सांगते!”

“करंगळी नाय लावली गं,” ती म्हणाली. “नऊ बोटांनीच सोलत होते. बघ, टोपी हाय.” आणि मग पलंगाच्या कडेला बसून, हात मांडीवर ठेवून म्हणाली, “रिकामा हात माजा वाटत नाय. दुसऱ्या कोनाचा तरी घेऊन बसलेय असं वाटतं. कधी परत मागायला येतील.”

मग आम्ही दोघींनी मिळून पहिल्या मजल्याचा लसूण सोलला. करंगळी सोडून.

मधेच गावात सभा लागली. कुणी मोठे साहेब गटांना भेटायला येणार होते आणि सगळ्या सभासदांनी पुढच्या रांगेत बसायचं होतं. आत्या अजून सभासद होती, तेव्हा तिला नेणं भाग होतं. मी तिला बजावून ठेवलं होतं की करंगळी कशालाही घासू द्यायची नाही. ती आज्ञाधारकपणे पुढच्या रांगेत बसली, डावा हात वर आणि पांढऱ्या टोपीतली करंगळी ताठ उभी.

साहेबांनी सुरुवात केली. “भगिनींनो, सर्वसमावेशक विकास म्हणजे काय?” आणि त्यांची नजर करंगळीवर पडली. आपल्याकडे पहिलीतल्या मुलालाही वर केलेल्या करंगळीचा अर्थ माहीत असतो. साहेब सभ्य गृहस्थ. त्यांनी थांबून मान हलवली, “हं, जाऊन या आजी.”

आत्याला वाटलं, घरी जा म्हणतात. ती घाबरली आणि हात आणखी वर केला. “शेवटच्या माणसापर्यंत,” साहेब म्हणाले, आणि पुन्हा थांबले. “अहो, कुणीतरी आजींना घेऊन जा.” अध्यक्षेने तिला उठवून नेलं. तिकडे आत्याने कशाला आणलंस म्हणून तिला झापलं आणि दोघी परत आल्या. आत्या बसली, करंगळी उभी. साहेब ‘आर्थिक प्रवाह’पर्यंत पोचले होते. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, आजींकडे पाहिलं, मागे हसू दाबणाऱ्या बायकांकडे पाहिलं आणि “वेळेअभावी थांबतो” म्हणून भाषण आवरलं. गावाच्या आठवणीतली ती सगळ्यात छोटी सभा. बायकांनी आत्याला चहाबरोबर दोन बिस्किटं जास्त दिली.

पण जाताना अध्यक्षेने मला बाजूला घेतलं. “मॅडम, सुनेचे कागद मी तयार ठेवलेत. मना पन बरं नाय वाटत. पन बाकीच्यांचं काय?” तिचं चुकत नव्हतं, त्यामुळे मला आणखी राग आला.

दिवाळी जवळ आली तशी मी रोज सकाळी टोपी काढून करंगळी खिडकीत उजेडाला धरायचे. आधी नुसता गुळगुळीतपणा. मग एकदा कडेला बारीक वळण दिसलं. मी नवऱ्याला हाका मारल्या, त्याने मुलाचं शाळेतलं भिंग शोधून आणलं. आम्ही तिघं एका करंगळीवर वाकलो. आत्याने भिंगातून स्वतःच्या बोटाकडे पाहिलं. “ह्या रेषा माज्या हायेत?” तिने विचारलं. “मी कधी बघितल्याच नवत्या गं.”

शेवटच्या दिवशी आम्ही रिक्षाने वटारला निघालो. आत्याचा हात माझ्या मांडीवर, वर माझा रुमाल. मी रिक्षावाल्याला प्रत्येक खड्ड्याला सांगत होते, हळू घे, हळू घे. शेवटी त्याने विचारलं, “मॅडम, पेशंट कोण आहे?” करंगळी म्हटल्यावर त्याने आरशातून आम्हा दोघींना एकदा नीट बघून घेतलं आणि वटार येईपर्यंत एकेक खड्डा चुकवला.

झेरॉक्सच्या दुकानात गर्दी होती. अध्यक्षा सुनेला घेऊन आधीच बाकावर बसली होती. सून बिचारी खाली मान घालून. मी टोपीची नाडी सोडली. आत्याने करंगळी ठेवली. तांबडा.

पुन्हा. तांबडा.

“काच पुसा ती!” मी ओरडले. “आधीची हळद असेल अजून!” बँक मित्राने काच पुसली. तांबडा. आत्याने माझ्याकडे बघितलं नाही. तिने अध्यक्षेच्या सुनेकडे बघितलं आणि म्हणाली, “ये गं पोरी, तू ये. बँकेला बोट दिलं की हात धरते म्हनतात, माजं तर बोट पन घेत नाय.” आणि खुर्चीतून उठायला लागली. एवढी वर्षं फळ्यावर काढलेला एकेक बाण मला तेव्हा खडूसकट कुणाच्या तरी डोक्यात घालावासा वाटला.

“थांबा, आत्या,” बँक मित्र म्हणाला. “फार कोरडं झालंय बोट. चष्म्याच्या काचेवर करतो तसं करा. हाऽऽ करा त्याच्यावर.”

आत्या परत बसली. तिने करंगळी तोंडासमोर धरली आणि ‘हाऽऽ’ केलं. मी केलं. अध्यक्षेनेही वाकून केलं. मागे रिचार्जसाठी उभा असलेला एक गृहस्थही, का कोण जाणे, लांबूनच ‘हाऽऽ’ करत होता. करंगळी टेकली.

हिरवा.

दुकानात एवढा आरडाओरडा झाला की समोरच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं. अध्यक्षा रडायला लागली, सून टाळ्या वाजवत होती. आत्या मात्र दिव्याकडे बघत बसली होती. “आता मी आत?” तिने बँक मित्राला विचारलं.

“आत, आत्या. पक्क्या आत.”

“मग चल,” ती मला म्हणाली, “केळी पिकून पडली असतील.”

ड्रायर आला. माल वाया जायचा थांबला, आणि आत्याला गेल्या पावसाळ्याआधी पहिल्यांदाच घराची कौलं उसनवारी न करता शाकारता आली. त्यामुळे माझ्या फळ्यावरचे बाण अगदीच खोटे नाहीत, हे मी मान्य करते. पण केवायसी म्हणे अधूनमधून परत करावी लागते. आत्याने त्यावर आपल्यापुरता तोडगा काढला आहे. डावी करंगळी बँकेची, बाकीची नऊ तिची. केळी सोलताना, भांडी घासताना, देवाला फुलं वाहतानासुद्धा करंगळीवर टोपी असते आणि ते बोट वेगळं, ताठ उभं असतं. गावात आता कुणी तिला ‘जाऊन या’ म्हणत नाही.

परवा ती ड्रायरमधल्या सुकेळ्यांचे पुडे घेऊन माणिकपूरला आली. निघताना दारात, नेहमीसारखा, तिने माझ्या गालावरून डावा हात फिरवला. आंघोळीनंतर टोपी घालायची राहिली असावी. चार बोटं रोजच्यासारखी खरखरीत लागली आणि शेवटी, हनुवटीपाशी, एक मऊ. लहान मुलीचं असावं इतकं मऊ. मी तो हात तिथेच धरून ठेवला, कारण मला रडू आवरेना.

“काय झालं गं बाय?” आत्या म्हणाली.

“काही नाही,” म्हटलं. “तुझी टोपी कुठाय? आधी ती घाल.”